छातीवर बसणारें भूत

(सोलापूर येथील सभेंत केलेलें भाषण)



आज आम्ही ज्या गोष्टीविषयीं बोलणार आहों ती येथें बसलेल्या कित्येकांना घडलेली असेल, पण चारचौघांत ती कोणी काढीत नाहीं. पहाटे जाग येते. डोळे उघडे असतात, घर ओळखूं येतें, शेजारीं निजलेलें मूल दिसतें; पण हात हालत नाहीं, हांक मारावी तर शब्द फुटत नाहीं. छातीवर कोणी बसल्यासारखा दाब येतो, दारांत काळी सावली उभी दिसते. घटका गेली असें वाटतें; प्रत्यक्षांत कांहीं सेकंद, फार तर दोनचार मिनिटें जातात. मग एकदम अंग सुटतें आणि माणूस घामाघूम होऊन उठून बसतो.

एकदां झालें तर माणूस विसरतो. आठवड्यांतून दोनतीनदां होऊं लागलें कीं घरांत कुजबुज सुरू होते. कोणी मुंजा म्हणतो, कोणी हडळ, कोणी करणी. देवऋषी येतो. अंगारा, लिंबें, कोंबडें सर्व होतें, आणि शेवटीं तो "घरांतलीच एक बाई" म्हणून बोट दाखवितो. तें बोट वळतें कोणाकडे? विधवा चुलतीकडे, नाहीं तर मूल नसलेल्या सुनेकडे. सावकाराच्या वाड्याकडे वळल्याचें आम्ही अजून ऐकलें नाहीं!

आतां खरा प्रकार ऐका. झोंपेच्या साधारण दीड दीड तासाच्या फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीच्या शेवटीं स्वप्नाची झोंप येते, आणि पहाटेकडे ती लांबत जाते. त्या वेळीं मेंदू हातापायांचे स्नायू ढिले करून ठेवतो; नाहीं तर स्वप्नांत धांवणारा माणूस खरोखरच उठून भिंतीवर आपटेल. डोळे आणि श्वासाचा मुख्य पडदा तेवढे चालू राहतात. कधीं कधीं मन आधीं जागें होतें आणि अंग मागें राहतें. स्वप्न पुरतें संपलेलें नसतें, म्हणून उघड्या डोळ्यांपुढें सावली दिसते. छातीचे बाकीचे स्नायू ढिले असतात, म्हणून मोठा श्वास घेऊं गेल्यास घेतां येत नाहीं. तोच तो दाब. जपानांत यास 'कानाशिबारी', म्हणजे जखडणें, म्हणतात. तुर्कस्तानांत दाबणारा काळा येतो, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर म्हातारी छातीवर बसते. आपला मुंजा पिंपळ सोडून तिकडे गेला नसावा.

वारंवार हें होतें तें बहुधा ज्याची झोंप मोडते त्याला. सोलापुरांत १८७७ सालीं जुनी गिरणी सुरू झाली आणि निजण्याउठण्याची वेळ भोंगा ठरवूं लागला. गिरण्या बंद पडल्या, रातपाळी मात्र यंत्रमागावर येऊन बसली. हजार विड्यांचा हिशोब पुरा करतांना बाईची रात्र सरते. पंपाची वीज जेथें रात्रीं येते तेथें शेतकरी उंसांत उभा असतो. असा थकलेला जीव सकाळीं आडवा झाला कीं स्वप्नाची झोंप वेळेआधींच झडप घालते, आणि गुंता होतो. मागावर धागा तुटला तर भूत बसलें असें कोणी म्हणतो काय? कोठें तुटला तें पाहून गांठ मारतों.

तेव्हां अंग जखडलें असतां झटापट करूं नका. झटापटीनें भीति वाढते. हें आपोआप सुटणार आहे असें मनाशीं म्हणा, श्वास संथ चालूं द्या, पायाचा अंगठा किंवा एक बोट हालविण्याकडे लक्ष लावा. शेजारीं निजणाऱ्यास आधींच सांगून ठेवा; तुम्ही कण्हतांना ऐकलें तर त्यानें खांद्याला हात लावून नांवानें हांक मारावी. उताणें न निजतां कुशीवर निजावें. झोंपेची वेळ होईल तितकी एक ठेवावी. निजण्यापूर्वीं चहा, तंबाखू, दारू नको. दिवसा निजणाऱ्याच्या खोलींत अंधार ठेवावा व घरच्यांनीं त्याला चार वेळां उठवूं नये. आणि पाळ्या दर आठवड्यास उलटसुलट फिरवूं नयेत, हें मालकाला सर्वांनीं मिळून सांगावें. एकट्यानें सांगितलें तर तो हंसेल.

देवऋष्याविषयीं एवढेंच, कीं महाराष्ट्रांत २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. ज्यांनीं त्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षीं २० ऑगस्टला पुण्यांत खून झाला. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारझोड करणें, अमुक बाई करणी करते म्हणून तिला जगणें नकोसें करणें, हे आतां गुन्हे आहेत.

एरवीं या प्रकारानें जीव जात नाहीं. पण दिवसा काम करतां करतां आवरेना अशी झोंप येते, हंसतांना गुडघे एकाएकीं लुळे पडतात, किंवा घोरतां घोरतां श्वास अडतो, असें असेल तर सरकारी रुग्णालयांत, आपल्या सिव्हिलमध्यें, जरूर जावें. झोंपेच्या गोळ्या दुकानांतून आपल्या मतानें आणूं नयेत. केसपेपर काढल्यावर 'भूत बसतें' म्हणावयास लाज वाटली तर 'जाग येतांना अंग हालत नाहीं' इतकेंच सांगा; डॉक्टरास तेवढ्यानें कळतें.