रिकाम्या हाताने एक फेरी

पापड-कुरडया आटोपल्या का? आमच्या गटाचे यंदाचे उडदाचे पापड विकून झाले, हिशोब झाला, आणि मग आम्ही अकरा वर्षांत कधी न केलेली एक गोष्ट केली. आम्ही फिरायला गेलो. लोणारच्या तळ्याला फेरी मारून आलो. आज तेच सांगणार आहे. त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलंच. लोणार गाडीने तासाभरावर. कुठून कुठून लोक ते तळं बघायला येतात, पण आमच्या चौदा जणींपैकी नऊ जणींनी ते पाहिलेलंच नव्हतं. बाकीच्या नवरात्रात कमळजादेवीच्या दर्शनाला गेलेल्या. लेकरू कडेवर, गर्दीत चपला सांभाळायच्या, तळं बघायला सवड कुणाला?

बैठकीत विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न पैशाचा आला. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, जिने तिने आपलं भाडं द्यायचं, असं ठरलं. दुसरा प्रश्न अवघड होता. घरी काय सांगायचं? नुसतं फिरायला जाते म्हटलं तर कोण सोडेल? तेव्हा मीच म्हणाले, "प्रशिक्षण आहे म्हणून सांगा." गटाच्या वहीतही तसंच लिहिलं. अक्षर माझंच.

वैशाखातलं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून पहाटे भाकरी बांधून काळीपिवळीने निघालो आणि उजाडता उजाडता तळ्याच्या काठावर उभ्या राहिलो. काठ म्हणजे पाण्याचा नव्हे. आधी एक भलीमोठी गोल वाटी, या कडेपासून त्या कडेपर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, आणि पाणी पार खाली तळाशी. लवणासुराला विष्णूने इथे मारलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. शास्त्रज्ञ सांगतात की आकाशातून एक उल्का येऊन काळ्या बसाल्ट खडकावर आदळली आणि हा खड्डा पडला. एवढा खड्डा एका दगडाने पडला म्हटल्यावर आमच्यातली सगळ्यात बोलकी बाईसुद्धा थोडा वेळ गप्प झाली.

खाली उतरण्याआधी धारेवर गेलो. दगडातून बारा महिने गोड पाण्याची धार पडते. दोघींनी तोंड धुवायला पिशवीतून साबणाची वडी काढली. सोबत माहिती सांगणारा एक मुलगा होता. तो हळूच म्हणाला, "काकू, साबण नका लावू. हे पाणी खाली तळ्यात जातं, आणि तळ्यातून कुठंच जात नाही." वड्या परत पिशवीत गेल्या.

या तळ्याचं सगळं गुपित त्या एका वाक्यात आहे. पाणी आत येतं, पण बाहेर जायला वाट नाही. उन्हाने वाफ होऊन जातं तेवढंच. मिठाचं पाणी पातेल्यात आटवलं की मीठ तळाशी राहतं, तसे इथे क्षार साठत गेले. पाणी खारट तर आहेच, शिवाय सोड्यासारखं आहे. साध्या पाण्याचा सामू ७ असतो, इथला १० च्या आसपास.

हे आकडे बायकांना कसे समजावणार, असं माझ्या मनात होतं. त्या मुलाने बाटलीत थोडं तळ्याचं पाणी घेतलं आणि चिमूटभर हळद टाकली. पाणी लालभडक झालं. "अगं बाई, हे तर कुंकू!" एकजण ओरडली. मग सगळ्याच सांगू लागल्या. हळदीत चुना मिसळला की लाल होते, हळदीच्या डागाला साबण लावला की लाल होतो. जुन्या काळी या तळ्यातून खार काढायचे हे कळल्यावर पापड करणाऱ्या बायकांना आणखी काही सांगावं लागलं नाही. पापडखाराशी आमची रोजची ओळख. ज्यात मी त्यांना शिकवणार होते, ते त्यांच्या हातांना आधीच येत होतं.

खाली झाडी दाट. माकडं, मोरांचे आवाज, पाण्याकाठी टिटव्या. जवळ गेलं की उग्र वास येतो आणि चिखल फसवा, म्हणून तिथे वरची पायवाट धरली. कमळजादेवीपाशी बसलो तेव्हा सासू-सुनेच्या विहिरीची गोष्ट निघाली. पाणी उतरलं की ती दिसते, तिच्यात एका बाजूला गोड पाणी आणि एका बाजूला खारट, असं सांगतात. मग गोड बाजू कुणाची? आमच्यात एक सासू-सून जोडीने आल्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं, खाऱ्या बाजूसाठी.

२०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, आठवतं? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासलं. पाणी कमी होऊन क्षार वाढले, आणि खारात जगणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे तो रंग आला होता. त्याच वर्षी तळ्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, म्हणजे जगाने जपण्याजोगी पाणथळ जागा. आमच्या शेजारची.

परतीच्या चढावर ऊन चटके देऊ लागलं. खाली वाटीत वारा नाही. आमच्या एक मावशी सतत डावा हात डोक्याकडे नेत होत्या. मी विचारलं, "मावशी, डोकं दुखतंय का?" त्या हसल्या. "नाही वं ताई. डोक्शावर काहीच नाही ना, हात आपोआप जाते." अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. हंडा, सरपण, वैरण घेऊन किती चालल्या असतील त्याला मोजमाप नाही. डोक्यावर काही न घेता एवढं चालायची ही पहिलीच वेळ.

वर चिंचेखाली भाकरी सोडली तेव्हा त्याच मावशी म्हणाल्या, "ताई, घरी खोटं काहून सांगाचं? आपन काय चोरी केली?"

मला उत्तर देता आलं नाही. मैत्रिणींनो, मी त्यांना सोपी वाट दाखवली होती, पण त्या वाटेने पुढच्या वेळीही खोटंच सांगावं लागलं असतं.

पुढच्या बैठकीत वहीतला "प्रशिक्षण" हा शब्द मी सगळ्यांसमोर खोडला. त्यावर लिहिलं, "लोणारला फिरायला गेलो." आणि ज्यांनी घरी खरं सांगितलं, त्यांनी खाली सही करायची असं ठरलं. एकीच्या नवऱ्याने दोन दिवस अबोला धरला. एकीची सासू म्हणाली, "मग मले काहून नाही नेलं?" तेरा सह्या झाल्या. एक सही राहिली आहे. तिला कुणी काही म्हणत नाही. तिची ओळ कोरी ठेवली आहे.

तुम्हीही जा. सकाळी लवकर जा, पाणी जास्त घ्या, साबण आणि प्लास्टिक घरी ठेवा. आणि घरी सांगून जा, फिरायला चालले म्हणून.