उतारवय आणि दुचाकी

सौंसर-पांढुर्णा परिसरात संत्र्याच्या बागेतून दुचाकीवर परतणारा साठीचा शेतकरी वाहन चालवण्यात तरबेज असतो. परंतु दृष्टी व हाताची चपळाई पूर्वीची राहत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर धावते. ब्रेक दाबण्यास अर्धा सेकंद विलंब झाला, तर 8 मीटर हातचे जातात. समोरच्या दिव्यांनी दिपलेले डोळे उतारवयात उशिरा सावरतात. 2019 च्या दुरुस्तीनंतरचा मोटार वाहन कायदाही पंचावन्नीनंतर 5 वर्षांपुरताच परवाना नवा करून देतो. तेव्हा वेग आवरावा, दिवेलागणीपूर्वी घर गाठावे, हेल्मेटचा पट्टा बांधावा, चित्त रस्त्यावर ठेवावे. थकल्या दिवशी गाडी घरीच ठेवणे, हीदेखील चालकाची विद्याच होय.