दार वाजवायचं राहून गेलं

(अग्निशमन सप्ताहानिमित्त आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून आठवून लिहून दिले आहे. बोलण्याच्या ओघात आलेले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)



आज १४ एप्रिल. सकाळी आपण बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला. याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाच्या जहाजावर स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या आठवणीसाठी आजपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. कमिटीने मला विषय दिला, ‘सुरक्षितता’. मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस, सुरक्षितता म्हटलं की मला तिजोरी आणि तिच्या दोन किल्ल्याच आठवतात. पण आज बोलणार आहे ते हॉटेलात आग लागली की माणसं कशी वागतात याबद्दल.

तुम्ही म्हणाल, सोसायटीत हॉटेलचं काय? तर आपण सगळेच हॉटेलात उतरतो. लग्नाला, देवदर्शनाला, पोरांच्या परीक्षेला. आणि आता सिंहस्थ आलाय, पंचवटीपासून त्र्यंबकपर्यंत लॉजची एक खोली रिकामी मिळणार नाही. मागे आपली सहल गोव्याला गेली होती तेव्हा दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये सहज विचारलं, आपल्या मजल्यावर दुसरा जिना कुठे होता? एकालाही सांगता आलं नाही. नाश्ता किती वाजेपर्यंत असतो, ते मात्र सगळ्यांना पाठ!

आता माझी गोष्ट सांगतो. ती मी आजवर घरात सोडून कुणाला सांगितलेली नाही.

साल १९८७. मी शाखा तपासणीसाठी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी गेलो होतो. स्टँडजवळच्या लॉजमध्ये दुसऱ्या मजल्यावर उतरलो. माझ्या खोलीपासून दोन दारं सोडून एक वयस्कर गृहस्थ होते, मुलीसाठी स्थळ बघायला आलेले. कानाने कमी ऐकू यायचं. संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसून चहा घेतला, त्यांनी मला मुलाच्या पगाराबद्दल आणि बँकेतल्या बढत्यांबद्दल बरंच विचारलं.

रात्री दोनच्या सुमारास काहीतरी जळल्याचा वास आला. मी काय केलं? कूस बदलली. मनात म्हटलं, कुणीतरी कचरा पेटवला असेल. थोड्या वेळाने बाहेर आवाज आले म्हणून दार उघडलं, तर पॅसेजमध्ये दोन जण बनियन-लुंगीवर उभे. मी विचारलं, काय झालं? एक म्हणाला, “काही नाही, खाली काहीतरी जळतंय, बघतील ते.” ‘ते’ म्हणजे कोण, हे आम्ही तिघांपैकी कुणीही विचारलं नाही. तिघंही शिकलेले. तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे.

मग जिन्यातून धूर वर आला. मी परत खोलीत गेलो. लुंगी सोडून पँट चढवली. शर्टाची बटणं लावली, अगदी वरचंसुद्धा. चष्मा शोधला. तपासणीचे कागद बॅगेत भरले. आणि हसू नका, बाहेर आल्यावर खोलीला कुलूप लावलं आणि ओढून पाहिलं! मग निघालो कुठे, तर ज्या जिन्यातून धूर येत होता त्याच जिन्याकडे. कारण मी आलो होतो तो त्याच जिन्याने. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, न्हाणीघराशेजारी, एक दार होतं. संध्याकाळी मी ते पाहिलेलं होतं. पण ते आपल्यासाठी नाही, नोकरांसाठी, असं डोक्यात बसलेलं.

तेवढ्यात लॉजमधला पाणी भरणारा पोरगा वर आला. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. ओरडला, “सायेब, तिकडून नाही, इकडून!” आणि आम्हाला त्या दाराने, लोखंडी जिन्यावरून खाली उतरवलं. त्याच्यामागे जाताना मी त्या गृहस्थांच्या दारावरून गेलो. दार बंद होतं. मला ते दिसलं. त्यांना ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं. मनात आलं की कुणीतरी उठवलंच असेल. एका हातात बॅग होती, दुसरा हात मोकळा होता.

खाली आल्यावर त्या पोराने डोकी मोजली आणि म्हणाला, “कोपऱ्याच्या आधीचे बाबा?” कुणीच बोललं नाही. तो पुन्हा वर गेला आणि त्यांना घेऊन आला. त्यांच्या छातीत धूर गेला होता, दोन दिवस सरकारी दवाखान्यात होते. वाचले. सकाळी मी भेटायला गेलो. त्यांनी विचारलं, “तुम्ही कुठल्या खोलीत होता हो?” मी सांगितलं, “मी त्या टोकाला होतो.” मला वाटतं, चहा आम्ही माझ्या दारापुढे बसून घेतला होता हे त्यांना आठवत असणार. ते काही बोलले नाहीत. मोसंबी घ्या म्हणाले.

आग कशाने लागली? जिन्याखाली विजेचा बोर्ड होता आणि त्याच्या पुढ्यात जुन्या गाद्या रचून ठेवलेल्या होत्या. एवढंच.

त्यानंतर मला या विषयाचा नाद लागला. जे मिळेल ते वाचत गेलो. आपली समजूत अशी की आग लागली की लोक वेड्यासारखे धावतात, एकमेकांना तुडवतात. अभ्यासकांना बहुतेक वेळा दिसलं ते याच्या उलट. माणसं धावत नाहीत, माणसं थांबतात. खात्री करून घेत बसतात, सामान आवरतात, सोबत्यांना शोधतात, आणि आलेल्या वाटेनेच परत जायला बघतात. धावाधाव होते ती शेवटी, वेळ सरल्यावर.

१९६८ साली लताने आणि डार्ली या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला खोलीत बसवून कागद भरायला द्यायचे आणि भिंतीतल्या झरोक्यातून हळूहळू धूर सोडायचा. एकटा असलेल्यांपैकी १०० मध्ये ७५ जणांनी बाहेर येऊन सांगितलं. पण शेजारी दोन माणसं शांत बसलेली असली, त्यांना तसंच बसायला आधी सांगून ठेवलेलं, तर १०० मध्ये फक्त १० जण उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत कागद भरत राहिले! नंतर विचारलं तर म्हणाले, वाफ असेल, एसीचं काहीतरी असेल. हे वाचलं तेव्हा मला तो पॅसेज आणि ते दोन बनियनवाले आठवले. त्यांना मी आठवत असेन.

आणि आपण काय वेगळे आहोत? चार वर्षांपूर्वी दिवाळीत आपल्या मीटर रूममधून धूर आला, आठवतंय ना? सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, “कुणाकडे काही जळतंय का?” मी मोजलेत, अकरा उत्तरं आली, “आमच्याकडे नाही.” एक जण म्हणाले, “बहुतेक फटाके.” खाली जाऊन मेन स्विच पाडला तो वॉचमनने, आणि तो ग्रुपवर नाही.

मुंबईत कमला मिलच्या आवारातली घटना तुम्ही टीव्हीवर पाहिलीत. २०१७ चा डिसेंबर, २८ तारखेची रात्र उलटून गेलेली, गच्चीवरची रेस्टॉरंट, वाढदिवस चाललेला. १४ जण गेले, त्यात बहुतेक तरुण मुली. कित्येकांचे मृतदेह स्वच्छतागृहात सापडले. ते भाजून गेले नाहीत, गुदमरले. लोक म्हणतात, तिकडे कशाला गेले? मी म्हणतो, ओळखीचं दार तेवढंच होतं. दोन तास बसलेल्या माणसाला हॉटेलातल्या दोनच जागा माहीत असतात, आलो ते दार आणि हे दार. तिथे पाणी असतं, कडी लावता येते, सुरक्षित वाटतं. पण तिथून पुढे वाट नसते. ज्यांना सगळ्या वाटा माहीत असतात ते म्हणजे तिथले नोकर. म्हणून हॉटेलातली माणसं वाचतात की नाही हे पुष्कळदा नोकरांवर ठरतं.

अमेरिकेत केंटकी राज्यात १९७७ साली ‘बेव्हर्ली हिल्स सपर क्लब’ला आग लागली, १६५ माणसं गेली. तिथे वॉल्टर बेली नावाचा अठरा वर्षांचा पोरगा टेबलं साफ करायचं काम करत होता. कार्यक्रम रंगात आला होता. तो सरळ स्टेजवर चढला, विनोद सांगणाऱ्याच्या हातातला माइक घेतला आणि दारं कुठे आहेत ते दाखवून सगळ्यांना बाहेर पडा म्हणाला. काहींना वाटलं हासुद्धा कार्यक्रमाचाच भाग! पण शेकडो लोक उठले आणि वाचले. नंतर असंही दिसलं की वाढणाऱ्या मुलींनी आपापल्या टेबलांवरची माणसं बाहेर काढली. शेजारची नव्हे, आपापली.

आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ ला ताजमध्ये एका मोठ्या कंपनीची मेजवानी चालली होती. गोळ्यांचे आवाज आले तेव्हा आधी वाटलं, कुठेतरी लग्नाचे फटाके. पुन्हा फटाकेच, बघा. पण २४ वर्षांच्या मल्लिका जगद या बँक्वेट मॅनेजरने दारं बंद केली, दिवे घालवले, सगळ्यांना टेबलांखाली निजायला सांगितलं. नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवलं, एका घरातले दोघे एकदम जाऊ नयेत म्हणून. सबंध रात्र तिच्या माणसांनी पाहुण्यांना पाणी दिलं, धीर दिला. पहाटे बाहेरच्या पॅसेजमध्ये आग लागली तेव्हा खिडक्यांतून, अग्निशमन दलाच्या शिडीवरून सगळे उतरले. पाहुणे आधी, नोकर नंतर. त्या हॉलमधलं एकही माणूस गेलं नाही.

तुम्ही म्हणाल, सोसायटीत कुठे आलाय मॅनेजर? बरोबर. पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, चार जण गेले. तिथे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दहा वर्षांच्या झेन सदावर्ते या मुलीने शेजाऱ्यांना सुती कपडे फाडून, ओले करून नाकातोंडाला धरायला लावले. शाळेत शिकली होती म्हणे. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओल्या फडक्याने विषारी वायू अडत नाही हे लक्षात ठेवा, काजळी अडते, थोडा वेळ मिळतो. पण मला त्या फडक्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे की मोठ्यांनी तिचं ऐकलं. दहा वर्षांच्या पोरीने सांगितलं तर आपण ऐकू? की “तू गप्प बस” म्हणू?

आता आपल्या घरचं. कायदा आहे, महाराष्ट्राचा, २००६ सालचा. आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा ‘फॉर्म बी’ दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन खात्याला द्यावा लागतो. आपला दिला जातो, सेक्रेटरीसाहेबांचं अभिनंदन. पण दाखल्याच्या बाहेरचं सांगतो. काल संध्याकाळी मी दोन्ही विंगचे सात-सात मजले पायी उतरलो. गुडघ्यांनी आज तक्रार केली. जिन्यात चपलांचे रॅक १९, कुंड्या ३०च्या वर, सायकली ६, एक वॉशिंग मशीन, आणि ए विंगमध्ये चौथ्या मजल्यावर सोफा. सोफ्याचे मालक इथेच बसलेत, नाव घेत नाही. मीटर रूममध्ये आकाशकंदिलांची खोकी आहेत. माझी मान शरमेने खाली गेली, कारण त्यातली दोन माझी होती. सकाळी काढली.

लिफ्ट वापरायची नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. जिन्यात धूर नसेल तर खाली उतरायचं, निघताना दार ओढून घ्यायचं, म्हणजे आग घरातच अडकते. कुलूप लावत बसायचं नाही, हे माझ्याकडून शिका. जिना धुराने भरलेला असेल तर आतच थांबायचं, दाराच्या फटीला ओलं कापड, खिडकीशी उभं राहायचं आणि १०१ फिरवायचा. ग्रुपवर नाही, १०१ वर. विंग आणि मजला सांगायचा.

आणि दार वाजवायचं. आपल्याकडे छप्पन्न फ्लॅट आहेत. रात्री कानातलं यंत्र काढून झोपणारे किमान सहा जण मला माहीत आहेत. वॉकरवर चालणाऱ्या तिघी आहेत, त्यातल्या एक आमच्या सौभाग्यवती. प्रत्येक मजल्यावर कुणी कुणाचं दार वाजवायचं याचा तक्ता मी केलाय. बँकेची सवय, एकाच्या नावापुढे दुसरं नाव, एक रजेवर असला तर दुसरा. तक्ता खालच्या बोर्डावर लावलाय, आपापलं नाव बघून सही करा. माझ्या नावापुढे ४०३ मधल्या नाना आहेत. नाना, तुम्हाला ऐकू येत नाही हे मला माहीत आहे, म्हणून परवा तुमच्या सूनबाईंनी मला जादा किल्ली दिली.

चहा आणि कांदाभजी इथे हॉलमध्ये नाही, खाली पार्किंगमध्ये ठेवली आहे. आता पाच मिनिटांनी वॉचमन लिफ्ट बंद करून शिट्टी वाजवेल. मागच्या जिन्याने या. आणि येताना शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं होतं ते बघून या, खाली मी विचारणार आहे.