हसू कुठं आलं, ते आठवा

 

मागच्या वेळी आपण हप्ते आणि व्याजाचा हिशोब बघितला. आज हिशोबाची वही बाजूला ठेवू. आज एका सिनेमाविषयी बोलायचंय. खरं तर सिनेमापेक्षा तो बघणाऱ्या आपल्याविषयीच जास्त बोलणार आहे.

सिनेमाचं नाव ‘फँड्री’. नागराज मंजुळे यांचा हा पहिला मोठा सिनेमा. ते आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले. 2014 साली 14 फेब्रुवारीला हा सिनेमा थेटरात लागला. तो प्रेमाचा दिवस मानतात. जाहिरातीत अजय-अतुल यांचं गाणं वाजायचं, म्हणून कितीतरी जण शाळेतल्या पोरापोरीची प्रेमकथा बघायची म्हणून गेले. ते गाणं सिनेमात नाहीच. माणसं हसत आत गेली आणि गप्प होऊन बाहेर आली, असं तेव्हा पुष्कळांनी सांगितलं. आमच्या गटातही तेच झालं, फक्त आमची जागा थेटर नव्हती, पडवी होती.

झालं असं, की टीव्हीवर हा सिनेमा लागणार होता. आमच्या गटातल्या एकीच्या घरी मोठा टीव्ही आहे. बैठक उरकली, पैसे मोजून झाले आणि कुणीतरी म्हणालं, “आज बसूया की गं सगळ्या. रोज मेलं कामच हाय.” सतरंजी अंथरली, शेंगा भाजल्या. पंधरा-सोळा बायका आणि पोरंसोरं. माझी नववीतली लेकही होती.

सुरू व्हायच्या आधी एकीनं विचारलं, “फँड्री म्हंजी काय वो?” कुणी म्हणालं इंग्रजी शब्द असंल, कुणी म्हणालं पोरीचं नाव असंल. मागं दाराशी एक ताई बसली होती. वर्षभरापूर्वी गटात आलेली. तिच्या घरी टोपल्या विणायचं काम चालतं. ती हळूच म्हणाली, “आमच्या कैकाडी बोलीतला शब्द हाय. डुक्कर.” सगळ्या हसल्या. मीही हसले. तीही हसली, पण नंतर ती पदर तोंडाशी धरून बसली, ते मला आत्ता आठवतंय. तेव्हा दिसलं नव्हतं.

ज्यांनी सिनेमा बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. जब्या नावाचा शाळकरी पोरगा. बाप गावात पडेल ते काम करतो. जब्याला वर्गातली शालू आवडते. तो आरशात बघतो, नाक सरळ व्हावं म्हणून नाकाला चिमटा लावतो. काळी चिमणी मारून तिची राख शालूवर टाकली की ती आपली होईल, असं त्याला कुणीतरी सांगितलंय, म्हणून तो रानोमाळ त्या चिमणीमागं फिरतो. सोमनाथ अवघडे या पोरानं ते काम केलंय. याआधी त्यानं कधी सिनेमात काम केलं नव्हतं, पण त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बापाच्या कामात किशोर कदम आहेत.

आता आमच्या पडवीत काय काय झालं ते ऐका.

नाकाच्या चिमट्याला पोरं खो खो हसली. एक आजी म्हणाल्या, “आमचं बारकंबी आसंच करतंय, दिवसभर केस भिजवून भांग पाडतंय.” त्या हसण्यात माया होती. ज्या वयात आरसा सुटत नाही, ते वय सगळ्यांचंच सारखं असतं.

मग जाहिराती लागल्या, तेव्हा कुजबुज सुरू झाली. एक वहिनी म्हणाली, “असलं दाखवतात म्हणून पोरं बिघडतात. पुढच्या वर्षी मी पोरीला घरीच बसवणार हाय.” तिची लेक तिथंच शेंगा सोलत होती. तिचा हात थांबला. माझ्या जिवात धस्स झालं, कारण ही बोलायची गोष्ट नव्हती, करून टाकायची होती. त्या घरात मोठ्या मुलीचं दहावीच्या आतच लग्न झालंय.

उत्तर दिलं ते आजींनी. म्हणाल्या, “अगं, त्या शालूनं काय केलं? ती वर्गात बसून अभ्यास करतीया. ह्यो पोरगा बघतोय हे तरी तिला ठावं हाय का? तो तर तिच्याशी एक शबुद बोलला न्हाई. मग शाळा तिची का बंद?” वहिनी काही बोलली नाही. मैत्रिणींनो, हे वाक्य मी तुमच्यासाठी जपून आणलंय. पोरगा बघतो आणि पोरीची शाळा सुटते, हा हिशोब कुठल्या वहीत बसतो?

पुढं जत्रा येते. जब्या वाजपाच्या तालावर नाचतो, शालू बघतीय म्हणून जीव ओतून नाचतो. आणि बाप त्याला बोलावून डोक्यावर गॅसबत्ती धरायला लावतो. पोरगं लोकांना उजेड दाखवत उभं राहतं आणि त्याच उजेडात त्याचं रडवेलं तोंड सगळ्यांना दिसतं. इथं पडवीत शेंगांचा आवाज थांबला.

एकीनं बापाला शिवी घातली. दुसरी म्हणाली, “बापाला तरी कोण विचारतंय? पोरीचं लगीन काढलंय, हुंड्याला पैसा कुठनं आणायचा?” खरंय. त्या पैशासाठीच बाप गावातली डुकरं धरायचं काम घेतो आणि घरातल्या सगळ्यांना कामाला लावतो, शाळकरी जब्यालासुद्धा. हुंडा मुलीचा, पण त्याची किंमत मुलाच्या शाळेनं मोजली. हुंडा असा सगळ्या घराला खातो, हे आपण सभेत दहादा बोलतो. तिथं ते समोर दिसत होतं.

आता मुख्य गोष्ट. डुक्कर पळतं, सगळं घर त्याच्यामागं पळतं, पडतं, चिखलात लोळतं. गाव जमून मजा बघतं. आणि आमची पडवीसुद्धा हसत होती. “आलं आलं, धर धर,” असं पोरं ओरडत होती. तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो, बापही थांबतो आणि डुक्कर निघून जातं. तेव्हाही आम्ही हसलो.

शेवटी डुक्कर काठीला बांधून घरातले सगळे शाळेच्या भिंतीवरून जातात. भिंतीवर सावित्रीबाई फुले, बाबासाहेब आंबेडकर यांची चित्रं. वर्गातली पोरं, गावातली पोरं चिडवतात. जब्या दगड उचलतो. शेवटचा दगड तो फेकतो तो सरळ आपल्याकडं, बघणाऱ्याकडं. आणि सिनेमा संपतो.

पडवीत कुणीच उठलं नाही. कुणीतरी टीव्ही बंद केला.

मग दाराशी बसलेली ती ताई बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली, “तुमी हसत हुता तवा माझं पोरगं माझ्या मांडीपशी बसलं हुतं. मला त्याच्या तोंडाकडं बघवंना.” एवढंच बोलली आणि पोराचा हात धरून गेली.

मला कळेना काय करावं. मी घरी आले, भाकरी थापायला बसले. माझी लेक शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “आई, त्याला शाळेत पोरं नावानं हाकच मारत न्हाईत. जातीवरनंच हाक मारतात.” मी विचारलं, “तू?” ती खाली बघत म्हणाली, “मीबी कधीकधी. सगळी म्हणतात म्हणून.” तव्यावरची भाकरी करपली त्या दिवशी. मी तिला मारलं नाही, कारण संध्याकाळी मी स्वतः हसले होते. ती कुणाकडून शिकली, ते मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या ताईच्या घरी गेले. माफी मागितली. ती म्हणाली, “बसा, च्या घ्या.” माफ केलं का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिच्या घरचा चहा मी पहिल्यांदाच पीत होते, हेही मला तिथं बसल्यावरच उमगलं. वर्षभर एका गटात, एका वहीत आमची नावं, आणि तिच्या उंबऱ्याच्या आत मी कधी गेले नव्हते.

पुढं आम्ही तिघी-चौघी शाळेत गेलो, गुरुजींशी बोललो. त्यांनी वर्गात सांगितलं की हाक नावानंच मारायची. वर्गात बंद झालंय. मैदानावर अजून पुरतं बंद झालेलं नाही, हे खरं सांगते. पण माझी लेक आता त्याला नावानं हाक मारते आणि दुसऱ्या कुणी मारली नाही तर टोकते. आणि या महिन्याची गटाची बैठक त्या ताईच्या अंगणात झाली. दोघी आल्या नाहीत. त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

वहिनीची लेक? सध्या शाळेत जातेय. आजी रोज सकाळी तिच्या दारावरून जाताना मुद्दाम हाक मारतात, “निघाली का गं शाळंला?”

तर मैत्रिणींनो, पोरांबरोबर सिनेमा जरूर बघा. या वयाच्या पोरापोरींच्या मनात काय चाललंय ते विचारून सांगत नाहीत, पण सिनेमा संपल्यावर चुलीपाशी येऊन सांगतात. तेव्हा रागावू नका, ऐकून घ्या. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा, मुलांनाही विचारा: आपल्याला हसू कुठं आलं? ज्याच्यावर हसलो, तो आपल्या शेजारी बसला असता तर आलं असतं का?

तुमच्या गटात यावर बोला. काय बोलणं झालं ते आपल्या रेडिओ केंद्रावर येऊन सांगा, नाहीतर चार ओळी लिहून पाठवा. अक्षर कसंही असू दे.

येते. रामराम.