किती लिहिलं, कुणाला पोचलं?



गटाच्या पानावर मी रोज तीन-तीन मजकूर टाकायचे. प्रतिसाद जेमतेम. एकदा पोटगीवर लिहिलं, तर शिव्यांचा भडिमार झाला आणि नेमका तोच मजकूर लांबवर गेला.

असं का होतं? फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं 2021 मध्ये बाहेर आली. त्यांतून कळलं, 2017 पासून तिथे रागाच्या चिन्हाला लाइकच्या पाचपट वजन होतं. 2020 मध्ये ते शून्यावर आणलं. म्हणजे आपण किती लिहिलं यापेक्षा किती खळबळ माजली, याला मोल होतं.

आपण काय मोजायचं? त्या शिव्यांमध्येच एका बाईने विचारलं होतं, 'पोटगीचा अर्ज कुठे करायचा?' शिव्यांना उत्तरं देण्याच्या नादात तिचा प्रश्न माझ्याकडून राहून गेला.

आता मी आठवड्यातून एकदाच लिहिते. पण विचारणारीला उत्तर आधी देते.