कोणता हुडा, कोणता सचिन?

आजचा विषय जरा किचकट वाटेल, पण ऐका. एकाच नावाचे दोन खेळाडू असले, तर ज्ञानकोशात त्यांच्या लेखांना शीर्षक काय द्यायचं?

माझं रोजचं काम डेटाबेसचं. तिथं पहिला नियम असा की नावावरून माणूस ओळखायचा नाही, प्रत्येकाला वेगळा नंबर द्यायचा. पण वाचणारा नंबर शोधत नाही, नावच शोधतो. म्हणून विकिपीडियावर साधी पद्धत आहे. नावाचा एकच माणूस असेल तर नुसतं नाव. दोन झाले की कंसात खेळ. दोघांचा खेळही एकच निघाला, तर कंसात जन्मवर्ष.

आता हे आपल्या बीडला लावून बघा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, पाटोद्याचा पैलवान राहुल आवारे, यांची सध्या अडचण नाही. सचिन धस घ्या. २०२४ च्या १९ वर्षांखालील वर्ल्डकपच्या सेमीफायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ काढणारा आपल्या बीडचा पोरगा. वडिलांनी नाव ठेवलं तेंडुलकरवरून. आता तेंडुलकरवरून नाव ठेवणारे बाप महाराष्ट्रात काय एकटे तेच होते का? उद्या दुसरा सचिन धस कबड्डीत निघाला तर कंसात खेळ लिहून भागेल. क्रिकेटमध्येच निघाला तर मग जन्मवर्ष.

आणि जन्मवर्ष म्हणाल तर आपल्याकडं त्याचा भरवसा किती? गावाकडं जुन्या लोकांचा वाढदिवस विचारा, निम्मे १ जून सांगतील. मास्तरांनी शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख ती. कागदावर तीच, पासपोर्टवर तीच. जुने पैलवान, जुने खो-खोपटू यांच्यावर लिहायला बसलात की हे हमखास आडवं येतं. शिवाय वाचणाऱ्याला आपल्या गावचा पैलवान १९५२ चा की १९५४ चा, हे कुठं माहीत असतं?

म्हणून मला दीपक हुडाचं उदाहरण फार आवडतं. एक दीपक हुडा क्रिकेटर, दुसरा कबड्डीपटू, जो आपल्या पुणेरी पलटणचा कर्णधार होता. दोघंही रोहतकचे! इंग्रजी विकिपीडियावर कबड्डीवाल्याचा लेख आहे 'दीपक निवास हुडा' या नावानं. निवास म्हणजे वडिलांचं नाव. कंस नाही, साल नाही, काम झालं.

अहो, ही तर आपलीच पद्धत! अविनाश मुकुंद साबळे. खाशाबा दादासाहेब जाधव. सातबाऱ्यापासून दहावीच्या मार्कशीटपर्यंत आपण असंच लिहितो. मराठी विकिपीडियावर कंसाच्या आधी हा मार्ग वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. एक अडचण आहे. लग्नानंतर बऱ्याच खेळाडू मुलींचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. तिथं ज्या नावानं ती मैदानात उतरली आणि पदक घेतलं, तेच शीर्षक ठेवायचं. बाकीच्या नावांवरून त्या लेखाकडं पुनर्निर्देशन.

कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला? २० फेब्रुवारी २०१७, आयपीएलच्या लिलावाचा दिवस. अंधेरी स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर एकानं कार घातली. बातमीत नाव आलं हरप्रीत सिंगचं, मध्य प्रदेशच्या फलंदाजाचं. फोटोही त्याचाच फिरला. त्याचा त्या प्रकाराशी काडीचा संबंध नव्हता. पठ्ठ्या त्या सीझनला मुश्ताक अली ट्रॉफीत जोरदार खेळला होता, पण लिलावात कुणी घेतलं नाही. बातमीमुळंच घेतलं नाही, हे सिद्ध कोण करणार? पण त्या दिवशी नाव गुगल करणाऱ्याला काय दिसलं असेल, विचार करा. पुढं बंगळुरूनं त्याला सर्फराज खानच्या जागी घेतलं, ते नंतर.

तर तुमच्या तालुक्यातल्या खेळाडूवर लेख लिहायला घ्याल तेव्हा आधी त्या नावाचं दुसरं कुणी आहे का ते शोधा. मराठीत शोधा आणि इंग्रजी स्पेलिंगनंही शोधा. आवारेचं स्पेलिंग टाकलंत तर आधी इंग्रजी डिक्शनरीच उघडेल, तेवढं सांभाळून घ्या.