छापण्याआधी विचारा

आम्ही नवलाख उंबऱ्याच्या बचत गटातून बोलतोय.

आपल्या मावळच्या इंद्रायणी तांदळाची ओळख करून द्यायला नको. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली हे वाण आलं. तांदूळ उत्तमच, पण गेल्या दिवाळीत आमचं लेबल फसलं. मोबाईलवर छान दिसणारं चित्र छापून आलं ते धुरकट. फोन नंबरचा शेवटचा आकडा कडेला कापला गेला. हजार लेबलं वाया गेली.

छापणाऱ्या दादांनी आधी विचारलं होतं, "रिझोल्यूशन किती? ब्लीड दिलंय का?" आम्हाला शब्द कळले नाहीत आणि विचारायची लाज वाटली. "चालेल" म्हणून मोकळ्या झालो. म्हणून आज हे शब्द तुम्हाला सांगतोय. यातलं बरंचसं आपल्याला येतंच, फक्त नावं नवी आहेत.

रिझोल्यूशन म्हणजे चित्रातले ठिपके किती दाट आहेत ते. ठिपके विरळ असले की चित्र पसरट दिसतं. छपाईला साधारण इंचाला ३०० ठिपके लागतात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो, म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवा.

ब्लीड म्हणजे शिवणीतली माया. ब्लाऊज बेतताना आपण जादा कापड सोडतो ना, तसा रंग कापायच्या रेषेबाहेर साधारण ३ मिलिमीटर वाढवायचा. आणि अक्षरं, आकडे रेषेच्या बरेच आत ठेवायचे.

रंगांचंही ऐका. मोबाईलचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडातून रंग दाखवतो. छपाईत निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशी चार शाई असते. म्हणून पडद्यावरचा लखलखीत पोपटी कागदावर मंद उतरतो.

कॉन्ट्रास्ट म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक. पांढऱ्यावर पिवळं अक्षर दिसत नाही, गडद हिरवं दिसतं.

व्हाइट स्पेस म्हणजे मोकळी जागा. रांगोळीभोवती अंगण मोकळं ठेवतो, तशी. पैसे घ्यायच्या क्यूआर कोडभोवती तर पांढरी जागा हवीच, नाहीतर स्कॅन होताना अडतं.

फॉन्ट म्हणजे अक्षराचं वळण. मजकूर युनिकोडमध्ये लिहा, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर 'तांदूळ'चं भलतंच काही होत नाही. मुंबईच्या 'एक टाईप'चा 'मुक्ता' फॉन्ट फुकट मिळतो आणि स्वच्छ वाचता येतो.

शेवटचा शब्द यूएक्स, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव. वजन, किंमत आणि पॅकिंगची तारीख गिऱ्हाइकाला शोधावी लागते का? पिशवी सहज उघडते का? तपासायची युक्ती सोपी आहे. पाकीट घरातल्या सासूबाईंच्या हातात द्या आणि किंमत विचारा. त्यांना सापडली नाही, तर चूक लेबलाची.

यंदा आम्ही आधी एकच प्रूफ काढून घेतलं, म्हणजे नमुन्याची एक प्रत. तिच्यावरचा फोन नंबर लावून पाहिला, कोड स्कॅन केला, मगच "छापा" म्हणालो. दादा हसून म्हणाले, "ताई, आता तुम्हीच मला शिकवाल."

मैत्रिणींनो, शब्द विचारायची लाज वाटू देऊ नका. गप्प बसण्याची किंमत आम्ही मोजली आहे.